दुभाष्याची पारख

हल्ली मध्यमवर्गीय घरांत एक नवा छंद शिरला आहे. आठवी-नववीतली मुले मूठभर वायरी, दोन-चार दिवे आणि आगपेटीहून लहान अशी एक पाटी घेऊन बसतात आणि कुंडीला पाणी घालण्यापासून दारावरची घंटा वाजविण्यापर्यंत हवे ते काम तिच्याकडून करून घेतात. या पाटीवर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एक इवलासा संगणकच, बसविलेला असतो. इटलीतील इव्हरेआ गावी २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनोने ही विद्या घरोघरी पोहोचविली.

आर्डुइनो उनो या थोरल्या पाटीला यूएसबीचे तोंड असते. प्रो मिनी या धाकटीला मात्र ते नाही. तिच्याशी बोलायचे तर मध्ये दुभाष्या हवा. कारण आपला संगणक यूएसबीची भाषा बोलतो आणि पाटीला कळते ती जुनी सीरियल भाषा: एका तारेवरून एकामागून एक खुणा पाठविण्याची. एका अक्षराला बहुधा दहा खुणा लागतात, तेव्हा ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. हे भाषांतर करणारा जो बोटभर अडॅप्टर, तोच आपला दुभाष्या. बाजारात तो शे-दीडशे रुपयांनाही मिळतो.

आमच्या शेजारच्या मुलीने असाच एक आणला होता. तुळशीची माती सुकली की दिवा लागावा, एवढीच तिची हौस. तीन संध्याकाळी ती खपली, पण प्रोग्राम काही पाटीत उतरेना. चौथ्या दिवशी मला म्हणाली, “काका, मला नाही हे जमायचं. माझं डोकंच नाही यात.” मी अडॅप्टर तपासला. पाटी निर्दोष होती, प्रोग्रामही निर्दोष होता. दुभाष्याच मुका निघाला! दीडशे रुपये गेले त्याचे एवढे नाही. पण त्या मुकेपणापायी एका हुशार मुलीने स्वतःविषयी मत बनवून टाकले होते. ते नुकसान कोणत्या हिशेबात धरायचे?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्वस्त म्हणजे खोटे नव्हे. चीनमधील डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३४० ही चिप स्वस्त आहे, पण ती स्वतःच्याच नावाने विकली जाते आणि आपले काम चोख करते. वाईट ती नक्कल. स्कॉटलंडमधील एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२ या चिपच्या इतक्या नकला निघाल्या की, ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने विंडोजसाठी एक नवा ड्रायव्हर पाठविला. तो नकली चिपचा ओळखक्रमांक पुसून तेथे शून्य लिही. मग संगणक तिला ओळखच देईना! गहजब झाला आणि काही दिवसांतच तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. पण शिक्षा कोणाला झाली, पाहा. नक्कल करणारा नामानिराळा राहिला, विकणाऱ्याने पैसे कधीच गल्ल्यात टाकले होते. भुर्दंड पडला तो बिचाऱ्या गिऱ्हाइकाला.

तेव्हा गिऱ्हाइकानेच पारख शिकावी हे उत्तम, आणि ती पाच मिनिटांची आहे. पाटी जोडण्यापूर्वी अडॅप्टरचे टीएक्स आणि आरएक्स हे दोन खिळे एका वायरीने एकमेकांना जोडा. संगणकावर सीरियलची खिडकी उघडून काही अक्षरे पाठवा. ती जशीच्या तशी परत आली पाहिजेत आणि वायर काढताच यायची थांबली पाहिजेत. तसे झाले, तर दुभाष्याला वाचा आहे आणि कानही आहेत.

दुसरी परीक्षा मल्टीमीटरची. ती वायर काढल्यावर टीएक्स आणि जीएनडी यांमधील दाब मोजा. अडॅप्टर स्वस्थ असताना तो पाच व्होल्ट किंवा ३.३ व्होल्टच्या आसपास दिसेल. पाटी ३.३ व्होल्टची असेल तर पाच व्होल्टचा दुभाष्या तिला जोडू नये. अशाने पाटी कायमची जाऊ शकते. काही अडॅप्टरांवरची व्होल्ट बदलण्याची सोय केवळ वीजपुरवठा बदलते, खुणांचा दाब तोच ठेवते. म्हणून छापील अक्षरांपेक्षा मीटरवर विश्वास ठेवावा. आणि नऊ खिळ्यांच्या जुन्या आरएस-२३२ जोडणीची केबल तर पाटीला थेट लावूच नये. तिच्यातून उणे दाबही येतो.

जोडताना एकाचे टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला द्यावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे, हा संसाराचाच नियम. जीएनडी मात्र जीएनडीलाच. खरेदी करताना डीटीआरचा खिळा आहे ना, हेही पाहून घ्या. प्रोग्राम पाठविण्याच्या क्षणी पाटीला जागे करतो तो तोच. तो नसेल तर पाटीवरचे रीसेटचे बटण नेमक्या क्षणी हाताने दाबावे लागते आणि तो क्षण साधणे मोठ्यांनाही कठीण जाते.

या दिवाळीत मुलांना अशी पाटी भेट देणार असाल, तर सोबत एक साधा मल्टीमीटरही द्या. यंत्र चालेनासे झाले म्हणजे आधी आपल्या बुद्धीवर संशय न घेता एकेक जोड तपासत जावे, हे त्यांना त्यातून कळेल. ही सवय पाटी जुनी झाल्यावरही उपयोगी पडेल.