ब्रेक मारला की हुडहुडी!

माहीमकरांच्या गाडीला नक्की काय होतंय, हे माहीमकरांना सगळ्यात शेवटी कळतं. दोष ट्रॅफिकचा! एल. जे. रोडवर सकाळी तिसरा गिअर पडला तर साखर वाटावी, अशी परिस्थिती. बुधवारी सेंट मायकल चर्चची नोव्हेना असली की कॉजवेच्या तोंडाशी पहिला-दुसरा, पहिला-दुसरा एवढाच खेळ. वीसच्या स्पीडला ब्रेक दाबला की गाडी थांबते, आणि थांबली म्हणजे सगळं आलबेल असं आपण धरून चालतो. मग एखाद्या रविवारी रेक्लमेशनवरून सी लिंकवर चढायचं, काटा ८० ला न्यायचा आणि वरळीचं टोक जवळ आलं की ब्रेक. स्टिअरिंग हातात असं काही थरथरतं, की गाडीला मलेरिया झालाय की काय!

मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो सी लिंकला पूर्ण जोडला गेला. तेव्हापासून आमच्या ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये ही तक्रार मी वरचेवर ऐकते. गाड्या काही एकदम बिघडलेल्या नाहीत. बिघाड दाखवणारा रस्ता आता दारात आलाय, इतकंच. आणि तक्रारीवरचा उपायही प्रत्येकाकडे तयार असतो : ‘पॅड बदलून टाक ना यार, जाईल!’

जातं का? कधी कधी जातं. बऱ्याचदा पंधरा दिवसांसाठी जातं आणि परत येतं. पॅडचे पैसे मात्र गेलेले असतात.

माझ्या बाबतीत हा प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हता. आईबाबा तळेगावला असतात. बाबांची बायपास झाल्यापासून दर दोन महिन्यांनी त्यांना हिंदुजाला चेकअपसाठी मी आणते, म्हणजे दर खेपेला बोरघाट उतरायचा. पावसाळा संपता संपता, घाटातल्या एका उताराला पुढचा ट्रक अचानक हळू झाला. मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग लटलट हलायला लागलं. गाडी थांबायची तिथे थांबली. पण बाबांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवलेले होते आणि खोपोली येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. माहीमला पोचल्यावर फक्त विचारलं, ‘पुढच्या वेळी मी ट्रेननेच येऊ का गं?’

पॅडचा यात हात किती?

आधी आत काय चालतं ते बघू. चाकाच्या मागे लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना पॅड. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलतो आणि पॅड डिस्कला चिमटीत पकडतात. झालं! आजोबांच्या फियाटला चारही चाकांना ड्रम असायचे. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच घेतलं होतं, पण १९५३ मध्ये जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल माँची २४ तासांची शर्यत मारली, तेव्हा कुठे जगाने या प्रकाराकडे नीट पाहिलं.

चार जण बसलेली छोटी हॅचबॅक धरा, ११०० किलोची. ८० च्या स्पीडवरून ती शून्यावर आणताना जी उष्णता तयार होते, तेवढ्यात एक लिटर पाणी जवळपास उकळीला येईल. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. आता पोळपाटाला एका जागी उंचवटा असेल तर पोळी कुठे जाड, कुठे पातळ होते ना? डिस्कचं नेमकं तेच. तिची जाडी सगळीकडे सारखी नसेल, तर दर फेऱ्याला जाड भाग पॅडला मागे ढकलतो आणि पातळ भाग त्याला पुढे येऊ देतो. ८० च्या स्पीडला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला बारा-तेरा वेळा फिरतं. तितके धक्के पॅडमधून स्टिअरिंगपर्यंत आणि ब्रेक ऑइलमधून तुमच्या पावलापर्यंत पोचतात. स्पीड उतरला की थरथरही संथ होते. ही खूण लक्षात ठेवा.

आणि फरक तरी किती असावा? मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग पुरतो! डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. म्हणूनच ‘डिस्क दिसायला ठीक आहे, मॅडम’ हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचं वाक्य मला मान्य नव्हतं. गाव सोडा, सर्व्हिस सेंटरचं नावही सोडा. तिथे पुढचे पॅड बदलायचं एस्टिमेट छापून तयार होतं. ‘डिस्क मोजलीत का?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी किल्ली परत घेतली.

पॅडवर सगळाच अन्याय नको. पॅड एका बाजूने तिरका झिजला असेल, त्याला ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल, तापून तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर नवे पॅड खरंच गुण देतात. पण जाडी बिघडलेल्या डिस्कवर नवा पॅड म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर नवे टायर.

डबीतलं घड्याळ

आमच्या गल्लीच्या टोकाला एका चाचांचं गॅरेज आहे. जेमतेम दीड गाडी मावेल एवढं. चाचांचे हात प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीवर तयार झालेले. मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, चाचांची हत्यारं मात्र शाबूत आहेत. त्यांनी आधी गाडी चालवून बघितली. हात हलतो की सीट? स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढची चाकं, नुसती सीट आणि पेडल हललं तर मागची. ब्रेक न दाबताच ८०-१०० च्या स्पीडला गाडी थरथरते? मग ब्रेक सोडा, व्हील बॅलन्सिंग बघा. आणि करकचून ब्रेक मारल्यावर पायाखाली ‘टर्रर्र’ असं झालं, तर ते एबीएस आपलं काम करतंय. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे आणि त्या आवाजाला घाबरून पाय काढणं सगळ्यात वाईट.

मग पुढचं चाक उतरलं. लाकडी डबीतून चाचांनी एक घड्याळासारखं यंत्र काढलं. डायल गेज! डिस्क नटांनी घट्ट आवळून तिच्या कडेजवळ गेजची सुई टेकवली आणि हाताने डिस्क फिरवली. काटा इकडून तिकडे ०.१२ मिलिमीटर हलला.

‘बघा ताई, नाचतेय.’

‘म्हणजे डिस्क वाकडी झाली?’

‘सगळे तेच बोलतात. आधी मागे बघू तर द्या.’

डिस्क उतरवली. ती ज्या हबवर बसते, त्या तोंडावर गंजाचा पापुद्रा होता. चाचांनी तो तारेच्या ब्रशने घासून काढला, डिस्क परत बसवली, परत काटा. ०.०४! डिस्क वाकडी नव्हतीच, ती तिरकी बसली होती. आणि तिरकी डिस्क एक कपटी काम करते. ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेऱ्याला ती एका जागी पॅडला निसटतं घासत राहते. हजारो किलोमीटरमध्ये तेवढीच जागा झिजते. म्हणजे बिघाड होतो आज आणि थरथर सुरू होते सहा-आठ महिन्यांनी. तोपर्यंत कारण कोणाच्या लक्षात राहणार?

गंज आला कुठून, हे माहीमकराला विचारायला नको. चौपाटीचा खारा वारा आणि वर पाऊस. आपण आठवडाभर ट्रेनने जातो आणि गाडी रस्त्याकडेला भिजत उभी. चार-पाच दिवसांनी काढा, डिस्कवर तपकिरी थर दिसेल आणि पहिल्या दोन ब्रेकला खर्रर्र होईल. वरवरचा थर पॅडच पुसून टाकतात. पण गाडी बरेच दिवस हललीच नाही, तर पॅडखालच्या जागेचा अख्खा ठसा डिस्कवर उमटतो आणि तो सहज जात नाही. जुलैत गाडी आठवड्यातून दोनदा तरी सेनापती बापट मार्गावरून फिरवून आणा, ही माझी शिफारस. पेट्रोल जाईल थोडं, जाऊ दे.

दुसरा गुन्हेगार पंक्चरवाल्याची हवेची गन. धडाधड एकामागून एक नट आवळले की एक बाजू जास्त ओढली जाते आणि डिस्क पुन्हा तिरकी. नट समोरासमोरचे, चांदणीच्या आकारात, आणि शेवटचा पीळ टॉर्क रेंचने. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

आता जाडी. चाचांनी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजली, ०.०३ चा फरक निघाला. नवी असताना १७ मिलिमीटरची डिस्क १५.४ वर आली होती आणि कमीत कमी १५ ही मर्यादा तिच्यावरच कोरलेली होती. टर्निंग मारून, म्हणजे लेथवर सपाट करून, काम भागलं असतं का? डिस्कला मांस असेल तर जरूर. इथे नव्हतं. पातळ डिस्क लवकर तापते. चाचांचा निकाल एका ओळीचा : ‘ऑपरेशनवाला माणूस बसतो ना ताई या गाडीत? मग दोन्ही डिस्क नव्या.’ दोन्ही, कारण एका बाजूचीच बदलली तर ब्रेक एकीकडे ओढतो.

घाट, टोलनाका आणि तापलेली डिस्क

लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. खोपोलीला येईपर्यंत गाडी साधारण अर्धा किलोमीटर खाली उतरते. तेवढ्यात गाडी जी ऊर्जा गमावते, ती सी लिंकवरच्या त्या एका ब्रेकच्या वीसपट भरते. इंजिन आणि वारा त्यातला वाटा उचलतात, पण गिअर खालचा असेल तरच. टॉप गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्या गाडीला सगळा हिशेब पॅडनेच चुकवावा लागतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी ‘डी’ सोडून ‘एल’ किंवा मॅन्युअल मोडमध्ये यायचं, ती सोय शोभेची नाही.

खरी गंमत पुढे आहे. घाट उतरल्यावर लगेच खालापूरचा टोलनाका. डिस्क भाजणीच्या तव्यासारखी तापलेली आणि आपण रांगेत ब्रेक घट्ट दाबून उभे. पॅडमधला पदार्थ त्या एका जागी डिस्कला चिकटतो. थंड झाला की कडक डाग, आणि पुढच्या प्रवासात हुडहुडी. उपाय सोपा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं आणि पूर्ण थांबण्यापेक्षा हळूहळू सरकत राहायचं. थांबावंच लागलं तर पेडल दाबून धरू नका.

नवे पॅड, नवी शिस्त

पॅड बदलणं हे तसं तासाभराचं काम, पण त्यातल्या ज्या गोष्टी घाईत गाळल्या जातात त्याच थरथर परत आणतात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या चाचांनी काढून पुसल्या आणि ब्रेकचं खास, उष्णता सोसणारं ग्रीस लावलं. पिन अडकली की एकच पॅड झिजतो. पिस्टन मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलची टाकी बघितली, कारण पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढतं आणि सांडलं तर रंग खातं. कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधला. नव्या डिस्कवरचं तेल क्लीनरने पुसलं. पॅडची धूळ हवा मारून उडवली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मुरलं की लवकर उकळतं. घाटात ते उकळलं तर पेडल सरळ तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, किलोमीटर कितीही झालेले असोत.

माझं बिल : पॅडचा सेट १,९०० रुपये, डिस्कची जोडी ४,४००, ऑइल आणि मजुरी १,४००. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटपेक्षा जास्त, बरं का! पण तिथे डिस्क धरलेलीच नव्हती.

गाडी हातात आली तरी काम संपलं नव्हतं. नवे पॅड डिस्कवर ‘बसवावे’ लागतात. रविवारी सकाळी साडेसहाला मी बीकेसीत गेले. रस्ते रिकामे, मागे कोणी नाही. ५० चा स्पीड, मग बेताचा ब्रेक मारून १० पर्यंत, पूर्ण न थांबता. मध्ये थोडं चालवून डिस्क गार होऊ द्यायची. असं दहा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा पसरतो, तो यातून. थोडा जळका वास येतो, घाबरायचं नाही. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट परत तपासून घ्यायचे.

त्यानंतर बोरघाट दोनदा उतरून झालाय, स्टिअरिंग गप्प आहे. बाबा अजून ट्रेनचं टाइमटेबल खिशात ठेवतात. पुढच्या महिन्यात मागचे ड्रम उघडायचेत. आत लायनिंग किती उरलंय, ते उघडल्यावरच बोलू, असं चाचा म्हणतात.