शेतात सापडलेले बक्कल

बक्कल हा शब्द आपल्याकडे इतका मुरला आहे की, पोलीस शिपायाचा क्रमांक विचारावयाचा झाला तरी आपण 'बक्कल नंबर' असेच म्हणतो. बक्कल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कमरेचा पट्टा येतो. इंग्लंडात मात्र ते सुमारे सव्वाशे वर्षे स्त्रीपुरुषांच्या बुटांवर झळकत होते. आज तेथील नांगरटीच्या शेतांत जुनी बक्कले सापडतात, त्यांतील पुष्कळ बुटांचीच असतात. असे बक्कल ओळखावयाचे कसे, हा आमचा आजचा विषय. आमचे आयुष्य कामगारांत गेले असल्यामुळे ते कोणी घातले यापेक्षा कोणी घडविले, हे जाणण्याची ओढ आम्हांस अधिक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

इंग्लंडात धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळण्याचा छंद अनेकांना आहे. काठीच्या टोकाला तारेचे वेटोळे असते व त्यातून उलटसुलट बदलणारा विद्युत्प्रवाह जातो. जमिनीत धातू असेल तर त्यात क्षीण प्रवाह उत्पन्न होतात. त्यांची चाहूल यंत्राला लागून आवाज होतो. तेथील 1996 च्या कायद्याप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी आणि निदान दशांश सोने वा रुपे असलेली वस्तू सापडल्यास ती चौदा दिवसांच्या आत सरकारी अधिकाऱ्यास कळवावी लागते. पितळी बक्कल सहसा या कक्षेत येत नाही. पण 1997 पासून अशा साध्या वस्तूंचीही स्वखुशीने नोंद करण्याची योजना तेथे सुरू झाली, आणि तिच्या यादीत आज पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत. आपल्याकडील 1878 च्या कायद्यात दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरास कळवावे, असे आहे. तेथे नजर किमतीवर. त्या योजनेची नजर माहितीवर.

आता वस्तूकडे वळू. कल्पना करा की, तळहातावर एक पितळी चौकट आहे. मध्ये दांडी नाही, काटा नाही, वरच्या अंगावर नक्षी. पाहणारा म्हणतो, ही तसबिरीची चौकट असावी. दुसरा म्हणतो, घोड्याच्या साजाचा तुकडा. दोघांनीही ती बाजूने पाहिलेली नसते. बाजूने पाहावे. चौकट सपाट नसून कमानीसारखी वाकलेली असेल, तर ती पायाच्या वरच्या उंचवट्यावर बसण्यासाठी वाकविलेली आहे, असा संशय घ्यावा. पट्ट्याच्या बक्कलाला एवढा बाक लागत नाही. मग दोन समोरासमोरच्या कडांच्या मध्यावर बारीक छिद्रे आहेत काय ते शोधावे. ती सापडली की प्रश्न बहुतेक मिटला. त्या छिद्रांतून एक सुटी दांडी जात असे, आणि तिच्यावर काटा व बुटाच्या पट्टीला पकडणारा मागचा भाग फिरत असे. दांडी बहुधा लोखंडी. ती मातीत गंजून गेली की काटा व पकड दोन्ही गळून पडतात. म्हणून शेतात सापडते ती नुसती चौकट.

काळ ठरविण्यास आकार उपयोगी पडतो. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या रोजनिशीकाराने 1660 च्या जानेवारीत आपण बुटाला बक्कल लावू लागल्याची नोंद केली आहे. त्या आरंभीच्या काळातील बक्कले लहान असत, आणि त्यांची पकड म्हणजे पट्टीच्या भोकात बसणारी एक घुंडी असे. 1720 च्या सुमारास सुट्या दांडीची रीत रूढ झाली व चौकट मोठी होऊ लागली. 1770 नंतर तर ती इतकी रुंद झाली की, जवळजवळ सारा पाय झाकला जाई. या प्रकाराला फ्रान्सच्या आर्त्वा येथील काउंटाचे, म्हणजे पुढे दहावा चार्ल्स म्हणून गादीवर बसलेल्या गृहस्थाचे नाव पडले. पितळेवर पांढरट लेप दिसला तर तो खरवडू नये. ती कल्हई असण्याचा संभव आहे. ज्याला रुपे परवडत नसे त्याला रुप्याचा भास तरी मिळावा, म्हणून ती दिलेली असे. अशी वस्तू चकचकीत घासणारा माणूस पुरावाच घासून टाकतो.

शेतात ती आली कशी? काही नांगर धरणाऱ्याच्या किंवा वाटसरूच्या बुटातून निसटली. पण शहरातील केरकचरा व मैला गाड्या भरभरून खत म्हणून शेतांत टाकीत, त्यातूनही पुष्कळ आली. म्हणून बक्कल सापडले तेथे ते घालणारा राहत होता, असे लगेच धरून चालू नये.

आणि ती घडविली कोठे? बऱ्याच अंशी बर्मिंगहॅम, वॉलसॉल व वुल्व्हरहॅम्प्टन या गावांत. ओतकाम, कानस, छिद्रे पाडणे, काटा बसविणे, झिलई देणे असे एका बक्कलामागे अनेक हात. मग फॅशन फिरली आणि बुटांना नाड्या आल्या. 1792 मध्ये फ्रान्सचा मंत्री रोलां नाडीचे बूट घालून राजवाड्यात गेला तेव्हा दरबारी मंडळी हादरली, अशी आख्यायिका आहे. त्याच सुमारास, 1791 च्या अखेरीस, या तीन गावांचे बक्कल-कारखानदार इंग्लंडच्या युवराजाकडे अर्ज घेऊन गेले. नाड्यांमुळे वीस हजारांवर माणसे हलाखीत आली आहेत, असे त्यात म्हटले होते. आमची नजर येथे अडखळते. अर्ज मालकांचा, आकडा कामगारांचा! कामगारांनी एकत्र येऊन स्वतः बोलावे, तर 1799 च्या कायद्याने तेही गुन्हा ठरविले, आणि ती बंदी 1824 पर्यंत टिकली.

युवराजाने अर्ज ऐकला, स्वतः बक्कले घातली, नोकरचाकरांनाही घालावयास लावली. फॅशन त्याने परतली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर बुटाचे बक्कल उरले ते दरबारी पोशाखावर आणि जुन्या वळणाच्या म्हाताऱ्यांच्या पायांत. बाकीची काही वितळविली गेली, काही कचऱ्याच्या गाड्यांतून शेतांत गेली. ज्याला आज असे एखादे सापडेल त्याने वजन, मापे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि नेमकी जागा टिपून ती नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावी. ज्यांनी ती घडविली, त्यांची नावे या पितळेवर क्वचितच सापडतात.