पाचवीला पाटा, इजिप्तमध्ये वीट! सटवाई पाचव्या-सहाव्या रात्रीच का येते?

भोसरी, मोशी, चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत बाळ आलं की गावाकडून आजी येते आणि पहिला प्रश्न विचारते, 'पाटा कुठंय?' मिक्सरच्या घरात पाटा-वरवंटा कुठून असणार? मग कुणी खलबत्ता मांडतं, कुणी धुतलेला दगड. शेजारी कोरा कागद, पेन, विळा किंवा सुरी. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. कारण आज सटवाई येणार आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाणार.

सटवाई हे नाव 'षष्ठी'वरून आलं, म्हणजे सहावी तिथी. काही घरांत पूजा पाचव्या दिवशी होते, काही घरांत सहाव्या. बीड-लातूरहून आलेली शेजारीण आणि मावळातली सासू यावर वाद घालू शकतात, त्यात आपण न पडलेलं बरं.

इजिप्तमध्येही असंच?

बरंचसं. प्राचीन इजिप्तमध्ये बाई दोन विटांवर उकिडवी बसून बाळंत होत असे. त्या विटेचीच देवी झाली, तिचं नाव मेस्खेनेत. चित्रांत ती कधी चक्क बाईचं डोकं असलेली वीट म्हणून दिसते. बाळ जन्मलं की त्याचं भविष्य ती सांगते. बर्लिनमध्ये जपलेल्या 'वेस्टकार पपायरस'मध्ये रुद्देदेत नावाच्या बाईला तिळं होतं, त्याची गोष्ट आहे. इसिस, नेफ्थिस, मेस्खेनेत आणि बेडकाच्या रूपातली हेकेत या चार देवी नाचगाणं करणाऱ्या बायकांच्या वेशात सुईणपण करायला येतात. प्रत्येक बाळ जन्मताच मेस्खेनेत सांगते, हा राजा होणार.

ही नुसती गोष्ट नव्हे. 2001 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पथकाला अबिडोस इथे अशी रंगवलेली वीट सापडली. वय सुमारे 3,700 वर्षं. तिच्यावर बाळाला हातात धरलेली आई आहे. याशिवाय पाणघोड्याचं शरीर नि सिंहाचे पंजे असलेली तावेरेत आणि जीभ बाहेर काढलेला बुटका बेस हे दोघं आई-बाळाची राखण करायचे. चेहरे भीतीदायक, कारण भूत पळवायचं होतं. आपल्याकडे ते काम विळा करतो.

इजिप्तची वीट आणि आपला पाटा यांचा एकमेकांशी संबंध असल्याचा पुरावा नाही. रोज हाताखाली असलेल्या वस्तूतच दोन्हीकडच्या बायकांनी देवी पाहिली, एवढं मात्र दिसतं.

पण पाचवी-सहावी रात्रच का?

माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. नाळ गंजक्या किंवा अस्वच्छ पात्याने कापली, तिला माती-शेण लागलं, की धनुर्वाताचे जंतू आत शिरतात. असं बाळ पहिले दोन दिवस नीट रडतं, दूध ओढतं. मग तिसऱ्या दिवसानंतर, बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास, त्याचा जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही, अंग ताठ होतं. जंतुसंसर्गाचा धोकाही याच दिवसांत मोठा. चांगलं असलेलं बाळ पाचव्या-सहाव्या दिवशी का गेलं, याचं उत्तर घरात कुणाकडे नव्हतं. उत्तर नसलं की 'लिहिलेलं होतं' असं म्हणावं लागतं. दिवा लावून, गाणी म्हणत बायकांनी रात्र जागवायची, म्हणजे बाळावर कुणाची तरी नजर राहायची.

हा धनुर्वात गरोदरपणातल्या लसी आणि स्वच्छ प्रसूती यांनी मागे हटला. 2015 मध्ये माता-नवजात धनुर्वात निर्मूलनाचं शिक्कामोर्तब भारताच्या नावावर झालं. त्याआधी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिथे नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आज रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाला आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी भेट द्यायची असते, त्या वेळापत्रकामागे हाच अनुभव आहे.

खोली बदलली, पत्ता नोंदवला नाही, तर ही भेट हुकते. भाड्याने राहणाऱ्यांनी प्रसूतीआधीच जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवावं.

पाचवी करायची की नाही?

जरूर करा. फक्त नाळेला हळद, तेल, राख काही लावू नका, ती कोरडी ठेवा. पहिलं पिवळसर घट्ट दूध फेकू नका. खोलीत धूर करू नका, दहा बाय दहाच्या खोलीत तर नाहीच. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, झटके आले, तर पूजा तशीच ठेवून 108 ला फोन करा. त्या रात्री जागे असालच.