खाटेवरची आजी आणि तिला उचलणारी सून

आम्ही घरभेटीला गेलो की घरातले लोक आम्हाला सरळ खाटेपाशी नेतात. आजीला लकवा झालेला असतो, नाहीतर मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं असतं. ती काय खाते, रात्री किती वेळा हाक मारते, डॉक्टर काय म्हणाले, सगळे एकदम सांगू लागतात. मागे एक बाई चहा ठेवत असते. वय पंचेचाळीसच्या पुढे, एक हात कमरेवर. तिच्याविषयी कुणी काही बोलत नाही. ती स्वतःही बोलत नाही. हल्ली आम्ही बीपीचं मशीन काढलं की पहिला पट्टा तिच्याच दंडाला बांधतो.

तिचा दिवस पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा सुरू होतो. आधी सासूची चादर. मग डबे. मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, रात्री अभ्यासिकेतून उशिरा येतो, त्याचं ताट झाकून ठेवायचं. लेक पहिल्या बाळंतपणाला येणार, तिची तयारी. तिकडे माहेरी तिची स्वतःची आईही थकलेली आणि भावाचा फोन, "ताई, दोन दिवस येऊन जा ना." अडकित्त्यातल्या सुपारीसारखी गत. हे सगळं दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे आजीची खाट टाकली की उरलेल्यांनी पाय कुठे पसरायचे हाच प्रश्न.

यातल्या कितीतरी जणी हेच काम पगारावर दुसऱ्यांच्या घरी करतात. ब्युरोमार्फत सोसायटीत 'पेशंट सांभाळायला' जातात, बारा तासांची ड्युटी. तिथल्या पेशंटला हवेची गादी असते, हातमोजे असतात, सहा महिन्यांनी का होईना 'मावशी, दमलात का' असं विचारणारं कुणीतरी असतं. घरी परत आल्यावर तेच काम पुन्हा, गादी नाही, मोजे नाहीत आणि पगारही नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा 'अस्तु' चित्रपट काहींनी पाहिला असेल. संस्कृतचे विद्वान, निवृत्त प्राध्यापक स्मृतिभ्रंशामुळे रस्त्यात हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. थोरली लेक त्यांना शोधत फिरते. तोवर त्यांना लेकरासारखं सांभाळते ती हत्तीवाल्याची बायको. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट चांगलाच आहे. पण आमच्यासारख्यांच्या डोक्यात भलताच प्रश्न येतो. त्या हत्तीवालीची सासू आजारी पडली असती तर तिला कोण सांभाळणार होतं? 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून म्हाताऱ्या आईबापांच्या दुःखावर मराठी माणूस पोटभर रडला. चादर कोण धुतं, हे मात्र नाटकात यायला जागा मिळत नाही.

आता कामाचं बोलू. या बाईची कंबर जाते ती बहुतेक एकाच चुकीच्या पद्धतीमुळे. खाटेवरून खाली वाकून, काखेत हात घालून, एकटीने ओढायचं. याने तिची पाठ जाते आणि आजीचा खांदाही निखळू शकतो. लकवा झालेल्या बाजूचा हात धरून तर कधीच ओढायचं नाही.

जुनी सुती साडी घ्या. चार पदरी घडी करून आजीच्या खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी अंगाखाली घाला. दोन्ही बाजूंना एकेक माणूस. कडा अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरा, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, 'एक, दोन, तीन' म्हणा आणि एकाच वेळी सरकवा. फरपटवायचं नाही, अलगद उचलून सरकवायचं. फरपटण्यानेच कातडी सोलते आणि पुढे पाठीला जखम होते. मोठ्या हॉस्पिटलातही हेच करतात, फक्त तिथे त्याला ड्रॉशीट म्हणतात.

कूस दर दोन तासांनी बदलायची. पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी. रोज अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, कोपर नीट बघा. कातडी लाल दिसली तर बोटाने दाबा. बोट काढल्यावरही लालीच राहिली, किंवा काळ्या-सावळ्या कातडीवर तेवढीच जागा जास्त गडद, गरम किंवा कडक लागली, तर जखमेची ती सुरुवात समजा. त्या जागेवर भार देणं बंद करा आणि दवाखान्यात दाखवा. तिथे चोळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही. पावडरीचे थर देऊ नका आणि मधे भोक असलेली गोल उशीही नको, तिने रक्त आणखी अडतं. घास भरवताना आजीला बसतं करा, जेवणानंतरही अर्धा तास तसंच ठेवा. आडवं करून पाजलेलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं.

यातलं एकही काम असं नाही की जे बाईलाच जमतं. वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या दंडात आईपेक्षा जास्त ताकद असते. मग तो खोलीबाहेर का जातो? 'आजीला लाज वाटेल' म्हणतात. आम्ही आज्यांना विचारून बघितलंय. बहुतेकींना नातवाने कूस बदलली तर काही वाटत नाही. संडास-लघवीच्या वेळी मुलगी किंवा सून हवी असते, एवढंच. तेवढं सोडलं तर उचलणं, भरवणं, रात्री दोनचा गजर लावून कूस बदलणं, औषध आणणं हे सगळं मुलाचं आणि नातवाचं काम होऊ शकतं.

आपल्याला हे नवं वाटायला नको. विनयपिटकातल्या महावग्गात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला, जवळ कुणी नाही. भगवंत पाणी ओततात, आनंद त्याला धुतात. मग भगवंत डोक्याकडून आणि आनंद पायांकडून धरून त्याला उचलतात आणि मंचावर निजवतात. दोघंही पुरुष, आणि उचलायची पद्धतसुद्धा बरोबर.

कायदाही ऐकून ठेवा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ सालचा आहे. त्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात, तेही सज्ञान. त्या व्याख्येत सून नाही. कायद्याने ज्यांच्यावर जबाबदारी टाकली ते मोबाइल बघत बसतात आणि जिचं नावच नाही ती रात्री दोनला उठते! भावकीच्या बैठकीत हे मोठ्याने वाचून दाखवावं, असं आम्हाला वाटतं. लग्न झालेल्या लेकीही त्या यादीत आहेत, हेही सोबत वाचावं. 'तिला काय, ती दिल्या घरी' म्हणून हात झटकता येत नाहीत.

कागदांचं कामही मुलांकडे द्या. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये, पासष्टच्या पुढच्यांसाठी वयोश्री योजनेतले एकदाचे ३००० रुपये, सत्तर झाले असतील तर पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड. ते दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतं, घरच्या डायपरसाठी नाही. यातलं सगळं आजीच्या नावावर. सांभाळणारीच्या नावावर यात काही नाही.

म्हणून तिच्या शरीराकडे घरानेच बघायचं. पंचेचाळिशीत पाळी मागेपुढे होते, झोप तुटते, अंगातून वाफा येतात, चिडचिड होते. घरचे म्हणतात, 'हल्ली फार करवादते.' वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासा, महापालिकेच्या दवाखान्यात ते मोफत होतं. खोकताना-शिंकताना लघवी निघत असेल, खाली काहीतरी उतरल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर वजन उचलणं त्याच दिवसापासून बंद करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हे बायका वर्षानुवर्षं पदराखाली झाकून ठेवतात. पाळी बंद होऊन वर्ष झालं आणि पुन्हा रक्त दिसलं, तर आठवड्याच्या आत दाखवायचंच. रात्री झोपच लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असं कुणी म्हणालं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

उचलण्याचा सराव आम्ही विहारात रविवारी सकाळी घेतो. चार घरं मिळून निरोप द्या. सतरंजी विहारात आहे, जुनी साडी तुम्ही आणा. मुलं आली नाहीत तर तो रविवार आम्ही पुढे ढकलतो.