जहाजावरचं दुखणं कुणाचं?

जालन्याला समुद्र नाही. कुंडलिका आहे, तीही उन्हाळ्यात पाण्याला मोताद. पण १९२३ चा कामगार भरपाई कायदा उघडला, की जालन्याची रोलिंग मिल आणि भर दर्यातली इंजिनरूम एकाच ओळीत सापडतात. तिसऱ्या परिशिष्टातली ती ओळ म्हणजे आवाजाने आलेला बहिरेपणा. सळई ओढणारा कामगार असो वा जहाजाचं इंजिन सांभाळणारा फिटर, दोघांच्या कानांसाठी कायद्याने एकच जागा राखली आहे.

या परिशिष्टाची गंमत अशी, की पुराव्याचं ओझं ते दुसऱ्याच खांद्यावर टाकतं. दुखणं त्यातलं असेल आणि तसल्या कामावर सलग सहा महिने काढले असतील, तर ते कामानेच झालं असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. कापसाच्या धुळीने जडणारा फुफ्फुसांचा विकारही याच परिशिष्टात आहे, फक्त त्याच्या मुदतीचा हिशेब निराळा. म्हणजे जिनिंगवालेही आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण आजारांची यादी आणि हे तत्त्व तिच्यात उतरलं आहे.

खरा पेच यादीबाहेरच्या दुखण्यांचा. छातीतली कळ, उडालेली झोप, खचलेलं मन, हे कामाने झालं की शरीरानेच? मिलमधला कामगार पाळी संपली की घरी जातो. खलाशाचं घर, खानावळ, दवाखाना आणि कारखाना एकाच लोखंडी पोटात. तिथे काम संपतं कुठे?

डिसेंबर १९६१ मध्ये 'द्वारका' जहाजावर हा प्रश्न उभा राहिला. १३ तारखेला एका खलाशाच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरने तपासलं, गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी तो कामावर रुजू. १५ ला पुन्हा छाती, आणि झोपही नाही. १६ च्या पहाटे अडीचला जहाज इराणच्या आखातात असताना तो ब्रिजजवळ दिसला, तेव्हा त्याला परत धाडलं. तीनला तो खालच्या डेकवर होता. झोपायला चाललोय, असं पहाऱ्यावरच्या खलाशाला म्हणाला. सव्वासहाला तो कुठेच नव्हता. आसपासच्या जहाजांना रेडिओवरून संदेश गेला, पण देह सापडला नाही.

भरपाईचा दावा आयुक्ताने फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फिरवला. मॅकिनन मॅकेंझी खटला म्हणून वकील मंडळी तो आजही ओळखतात. त्याचं सार असं, की काम चालू असताना मरण येणं वेगळं आणि कामामुळे येणं वेगळं. दोन्ही दाखवावं लागतं, आणि दाखवायचं दावा करणाऱ्याने. लॉगबुकात दुखण्याची नोंद होती, वेळाही टिपलेल्या होत्या. त्या सव्वातीन तासांत काय घडलं, हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं.

इतक्या कठोर कायद्याला समुद्राची जाण नाही असं मात्र नाही. उलट १९२३ च्या कायद्यात खलाशांसाठी वेगळं कलमच होतं, १५ वं. अपघात जहाजावरच झाला आणि अपंगत्वही तिथेच सुरू झालं, तर खलाशाने कुणाला नोटीस द्यायची गरज नाही. कप्तानाला ठाऊक असणारच. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेला सागरी श्रम करारही त्याच्या पाठीशी आहे. आजारी खलाशाच्या पगाराची आणि उपचारांची मालकावरची जबाबदारी कुठलाही सदस्य देश १६ आठवड्यांच्या खाली आणू शकत नाही.

१९९५ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडलं. दावा अपघाताच्या ठिकाणीच करायला हवा असं उरलं नाही. वारस जिथे राहतात, तिथल्या आयुक्ताकडेही तो नेता येऊ लागला. घटना परदेशात घडली असेल, तर जहाजाचा मालक किंवा एजंट जिथे धंदा करतो तिथेही.

पण सगळ्यांत थक्क करते ती मुदत. जहाज सगळ्यांसकट बुडालं, तर ते बुडालं किंवा बुडालं असं मानलं गेलं त्या दिवसापासून १८ महिने. एरवी खलाशी गेला तर दाव्याला एक वर्ष, आणि ते वर्ष तो गेला त्या दिवसापासून मोजत नाहीत. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या एखाद्या घरात बातमी पोचते, त्या दिवसापासून मोजतात.