स्मार्ट उपकरणांचे आयुर्मान आणि उत्पादकांचे दायित्व

एखादी वस्तू विकत घेताना ती किती वर्षे टिकेल, याची पारख करण्याची रीत जुनी आहे. मडके वाजवून घेतले जाते, लाकडाची गाठ पाहिली जाते, आणि पंखा किंवा शिलाई यंत्र घेताना त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात की नाही, याची चौकशी होते. इंटरनेटशी जोडलेल्या, म्हणजेच ‘स्मार्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत मात्र ही पारख अपुरी पडते. भ्रमणध्वनीवरून चालणारे दिवे, दाराची कुलुपे, कॅमेरे, दूरचित्रवाणी संच ही साधने आता शहरी घरांपुरती राहिलेली नाहीत. शाळांच्या वर्गांत आणि ग्रामपंचायतींच्या चौकांतही ती पोचली आहेत. त्यामुळे त्यांच्या आयुर्मानाचा प्रश्न हा सार्वजनिक निधीच्या विनियोगाचाही प्रश्न झाला आहे.

दुहेरी आयुष्य

साध्या पंख्याचे आयुष्य त्याची मोटर, बेअरिंग आणि वाइंडिंग यांवर अवलंबून असते. त्यात बिघाड झाला तर गावातील कारागीर तो दुरुस्त करू शकतो. स्मार्ट उपकरणाला याखेरीज आणखी एक आयुष्य असते. त्याच्या आत एक आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, चालत असते आणि पुष्कळदा ते उत्पादकाच्या दूरस्थ संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, सतत संपर्क ठेवून असते. अशा वेळी भ्रमणध्वनीवरून दिलेली दिवा लावण्याची आज्ञा प्रथम त्या सर्व्हरकडे जाते व तेथून घरातील दिव्याकडे येते. सर्व्हर बंद झाला की दिवा शाबूत असूनही आज्ञा पोचत नाही. सॉफ्टवेअरमधील दोष दूर करणारी दुरुस्ती, म्हणजेच अपडेट, पाठविणे उत्पादकाने थांबविले, तर उपकरण चालू राहते. पण उत्तरोत्तर असुरक्षित होत जाते. हे दुसरे आयुष्य ग्राहकाच्या हाती नसून उत्पादकाच्या निर्णयावर अवलंबून असते.

दोन बोधप्रद उदाहरणे

अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे, घरातील निरनिराळी स्मार्ट उपकरणे एकत्र चालविणारे यंत्र सुमारे ३०० डॉलरला विकले जात असे. २०१४ मध्ये ती कंपनी ‘नेस्ट’ने विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा बंद केली. त्या दिवशी घरोघरची ही यंत्रे निरुपयोगी ठरली. त्यांत कोणताही भाग झिजला नव्हता किंवा जळला नव्हता.

दुसरे उदाहरण घरातील तापमान नियंत्रित करणाऱ्या ‘नेस्ट’च्याच थर्मोस्टॅटचे आहे. २०११ व २०१२ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या दोन पिढ्यांचे साहाय्य गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविले. भ्रमणध्वनीवरून त्यांचे नियंत्रण करणे त्यामुळे अशक्य झाले. तथापि भिंतीवरील यंत्र हाताने फिरवून तापमान ठरविण्याची सोय कायम राहिली. सेवा कधीतरी संपणार हे दोन्ही ठिकाणी अटळ होते. परंतु एका ठिकाणी वस्तूच मृत झाली, तर दुसऱ्या ठिकाणी तिचे मूळ काम चालू राहिले. ग्राहकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न

अपडेट न मिळणारे उपकरण केवळ त्याच्या मालकालाच अपायकारक ठरते असे नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने असंख्य कॅमेरे, चित्रमुद्रण यंत्रे व राउटर यांचा ताबा घेतला. कारखान्यातून आलेला ठरावीक पासवर्ड न बदलल्यामुळे हे सहज शक्य झाले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या द्वारे ‘डाइन’ या अमेरिकन कंपनीच्या सेवेवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार करण्यात आला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले, त्यांना बहुधा त्याची कल्पनाही नव्हती.

कायद्याची वाटचाल

या अनुभवांतून काही देशांनी कायदे केले आहेत. ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्यान्वये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देण्यास मनाई झाली, आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणे बंधनकारक झाले. हा काळ किती असावा, हे मात्र तो कायदा ठरवीत नाही. युरोपीय संघाने याबाबतीत पुढचे पाऊल टाकले. १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या त्याच्या सायबर सुरक्षा कायद्यातील प्रमुख तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होत आहेत. उपकरणाचा अपेक्षित वापरच कमी काळाचा नसेल, तर किमान पाच वर्षे साहाय्य द्यावे, असे त्यात विहित केले आहे.

भारतात २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने वस्तूचा दर्जा, प्रमाणके व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावरील संकेतस्थळ सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी १०६ प्रकारची उपकरणे आपल्या कक्षेत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रीकरणाचे दायित्व उत्पादकांवर टाकले आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला व त्यातील एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. हे ध्यानात घेता, चालू स्थितीतील वस्तू केवळ सेवा संपल्यामुळे टाकून द्यावी लागणे हा मोठाच अपव्यय होय.

मुदत किती असावी?

सर्व उपकरणांना एकच मुदत लावणे व्यवहार्य नाही. भिंतीत बसविलेले बटण किंवा दाराचे कुलूप दहा वर्षे तरी चालावे, ही अपेक्षा वाजवी आहे. टेबलावरील दिव्याच्या बाबतीत ती थोडी कमी असू शकेल. त्याच प्रकारच्या साध्या वस्तूचे आयुष्य हाच यासाठी योग्य मापदंड ठरेल. ही मुदत नमुना प्रथम बाजारात आल्यापासून नव्हे, तर त्याची विक्री थांबल्यापासून मोजली जावी. अन्यथा दुकानात चार वर्षे पडून राहिलेली वस्तू घेणाऱ्याच्या वाट्याला एकच वर्ष उरेल. औषधाच्या वेष्टनावर ज्याप्रमाणे मुदतीची तारीख छापलेली असते, त्याप्रमाणे साहाय्याची अंतिम तारीख उपकरणाच्या खोक्यावर असावी. आणि सेवा संपल्यानंतरही मूळ काम हाताने करता यावे.

खरेदी करताना

शाळा व पंचायतींनी यासाठी स्वतंत्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दरपत्रके मागविताना पुढील बाबी लेखी मागता येतील : सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, इंटरनेट बंद असताना उपकरण कोणते काम करील, पासवर्ड बदलता येतो काय, चित्रमुद्रण कोठे साठविले जाते व त्यासाठी वार्षिक शुल्क पडते काय, आणि सुटे भाग किती वर्षे उपलब्ध राहतील. हमीचा कालावधी आणि अपडेटचा कालावधी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये. मिळालेली उत्तरे पुरवठा आदेशात समाविष्ट करावीत, आणि अपडेटची अंतिम तारीख जडसंग्रह नोंदवहीत वस्तूच्या नोंदीसमोर लिहून ठेवावी. वस्तूचे निर्लेखन कधी व का करावे लागले, हे पुढे येणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यावरून कळेल. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदविता येते.

वर्गातील संच किंवा चौकातील कॅमेरा पुन्हा विकत घेण्याची ऐपत प्रत्येक गावाकडे असतेच असे नाही. म्हणून किमतीबरोबरच साहाय्याची तारीख विचारण्याची सवय शिक्षक व पंचायत सदस्यांनी लावून घेतली, तर ती तारीख सांगणे विक्रेत्यांनाही भाग पडेल.