दौलताबादचा गुरू, श्रीगोंद्याचा शिष्य

एकनाथांच्या चरित्रातली देवगिरीच्या रानातली कथा मला कितीही वेळा ऐकली तरी नवीच वाटते. जनार्दनस्वामी आपल्या कोवळ्या शिष्याला दत्तदर्शनाला घेऊन जातात आणि समोर येतो तो मलंगाच्या वेषातला फकीर, सोबत कुत्री. स्वामी त्या फकिराबरोबर एका पात्रात जेवतात. पैठणच्या ब्राह्मण घरातला मुलगा भांबावून बघत राहतो. परंपरा सांगते की तो फकीर म्हणजे साक्षात दत्तात्रेय. रा. चिं. ढेऱ्यांसारख्या अभ्यासकांनी मात्र वेगळीच दिशा दाखवली: हा मलंग म्हणजे दौलताबादचे कादरी सूफी चाँद बोधले तर नव्हेत?

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली, तिचे दौलताबाद झाले. दिल्लीकडचे सूफी दक्षिणेत आले, शेजारचे खुलदाबाद त्यांच्या दर्ग्यांनी भरले. पुढे बहामनी आली, मग निजामशाही. दरबार, फौज आणि बाजार यांत दोन्ही धर्मांचे लोक रोज एकमेकांसमोर येत होते.

आता माझ्या आवडत्या धाग्याकडे येतो. जनार्दनस्वामी हे दौलताबादच्याच किल्ल्याचे किल्लेदार. गडाची साप्ताहिक सुटी त्यांच्यासाठी शुक्रवारऐवजी दत्ताच्या गुरुवारी असे, अशी आख्यायिका आहे. चाँद बोधले त्यांचे गुरू असतील, तर गंमत पाहा: याच चाँद बोधल्यांचे दुसरे शिष्य म्हणजे श्रीगोंद्याचे शेख महंमद. म्हणजे एकनाथांचे ‘एकनाथी भागवत’ आणि शेखांचा ‘योगसंग्राम’ हे दोन ग्रंथ एकाच गुरुघरातले ठरतात! सगळ्यांना हे नाते मान्य नाही. मला ते पटते. दत्त फकिराच्या वेषात यावा, ही कल्पना उगाच कुणाला सुचत नाही.

शेख महंमदांचे श्रीगोंदे तेव्हा चांभारगोंदे म्हणून ओळखले जाई. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी त्यांना गुरू मानले आणि तिथे मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. ‘योगसंग्राम’ १६४५ च्या सुमाराचा. वा. सी. बेंद्रे यांनी तो १९५९ मध्ये संपादून छापला, हे त्यांचे मराठीवर मोठे ऋण आहे. ग्रंथात लढाई आहे ती साधकाची स्वतःच्या विकारांशी, आणि त्यातला सर्वांत चिवट शत्रू म्हणजे अहंकार. नाथपंथी योगाची परिभाषा, वारकऱ्यांची भक्ती आणि सूफींची गुरुनिष्ठा शेखांच्या ओवीत अशी मुरली आहे की वेगळी काढता येत नाही. वाचताना मला पुरणाच्या पोळीची आठवण होते. कणीक कुठे संपली आणि पुरण कुठे सुरू झाले, ते जिभेला कळत नाही.

मात्र शेख महंमदांना गुळमुळीत समजू नका. त्यांनी भोंदू गुरूंना झोडले, जत्रेतल्या पशुबळीवर टीका केली, पोटभरू फकिरांनाही सोडले नाही. आपले मुसलमान असणे त्यांनी लपवले नाही आणि हरी व अल्ला एकच, हेही ठणकावून सांगितले.

एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’तही हाच बेडरपणा आहे. या दीर्घ रचनेचा इंग्रजी अनुवाद एलिनॉर झेलियट यांनी केला. त्यात दोघे आधी चक्क भांडतात. तुर्क दखनी ढंगात विचारतो, तुमच्या पुराणांतले देव असे कसे वागतात? दगडाला का पुजता? ब्राह्मण उलट विचारतो, देव सगळीकडे असेल तर तोंड पश्चिमेकडेच का? चिखलफेक चांगलीच रंगते, शिवाशिवीचे वाभाडेही निघतात. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. मला ते आलिंगन खरे वाटते, कारण त्याआधी कुणी काही गिळून बसलेले नाही. आज आपण परधर्मीयाशी बोलताना अवघड प्रश्न टाळतो आणि त्यालाच सलोखा म्हणतो. एकनाथांचा रस्ता मला जास्त धीराचा वाटतो.

श्रीगोंद्याला मी गेलो तेव्हा शेख महंमदांच्या समाधीपुढे टोपीवाले वारकरी आणि जाळीची टोपी घातलेले गृहस्थ शेजारी बसले होते. या जागेच्या कारभारावरून आणि नावावरून अलीकडे वादही झाले आहेत, त्याचे फार वाईट वाटते. संतचरित्रकार महिपतींनी सांगितलेली कथा तिथे आठवतेच: देहूत तुकोबांचे कीर्तन चालले असता मंडपाला आग लागली आणि ती इकडे चांभारगोंद्यात बसलेल्या शेख महंमदांनी हात चोळून विझवली. महिपतींच्या ‘भक्तविजया’त, म्हणजे अठराव्या शतकातही, मराठी मनाने तुकोबांच्या कीर्तनाचा राखणदार म्हणून शेखांना निवडले होते.

स्लोव्हाकियाचे दुशान देआक यांच्यासारखे परदेशी अभ्यासक या संतांवर लिहितात, पण आपल्या शाळेच्या पुस्तकांतून शेख महंमद फारसे भेटत नाहीत. मुसलमान कवी हुसेन अंबरखानांची गीताटीका आणि शहा मुंतोजींचे मराठी ग्रंथ यांचेही तेच. दौलताबादला गेलात तर किल्ला चढण्याआधी चाँद बोधल्यांचा दर्गा कुठे आहे ते विचारा, आणि वर गडावर जनार्दनस्वामींच्या समाधीलाही जा. दोन्ही एकाच दिवसात होतात.